पहिल्या तासाचा चीक

दिवाळी सरते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या पट्ट्यात रात्री गारठू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या याच दिवसांत गाव सोडतात आणि धनगरांचे वाडेही चाऱ्याच्या शोधात निघालेले असतात. कापणी झालेल्या एखाद्या शेतात वाघूर लावलेली असते, आत मेंढरं बसलेली असतात. पावसाळ्यात हिरव्या गवतावर माजावर आलेल्या मेंढ्या साधारण पाच महिन्यांनी, म्हणजे नेमक्या या थंडीत वितात. त्यामुळे वाड्यावरच्या बाया-माणसांना या दिवसांत पुरती झोप अशी मिळत नाही.

व्यायला आलेली मेंढी कळपापासून थोडी बाजूला होते. पुढच्या पायाने माती उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते. कोकरू बाहेर आलं की वळून लगेच त्याला चाटू लागते. घशातून हलका, खर्जातला आवाज काढते. पंधरा-वीस मिनिटांत कोकरू लटपटत उभं राहू पाहतं आणि अर्ध्या-एक तासात आईच्या कासेशी धडपडू लागतं. जाणती धनगरीण या वेळी फारशी मध्ये पडत नाही. ती एवढंच बघते, की कोकराला श्वास आहे ना, आई चाटते आहे ना आणि पोटात चीक गेला ना.

या तीन प्रश्नांत नवजात शिशूशास्त्राचा बराच भाग येतो. फरक असा, की कोकराच्या बाबतीत हे प्रश्न न चुकता विचारले जातात. माणसाच्या बाळाच्या बाबतीत ते अजूनही अनेकदा राहून जातात.

एकेक कोकरू मोलाचं का?

मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातली ही मेंढी म्हणजे दख्खनी. बहुतेक काळी, काही काळी-पांढरी. लांब लोंबते कान, आखूड बारीक शेपूट, अंगावर जाडीभरडी लोकर. नराला शिंगं असतात, मादीला बहुधा नसतात. कमी पाणी, वाळका चारा आणि रोजची मैलोगणती चाल सहन करणारी ही जात दख्खनच्या कोरड्या पठाराने घडवली आहे. तिच्या लोकरीचं सूत बाया कातत आणि सनगर ते विणून घोंगडी करत.

2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 7 कोटी 43 लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात त्या 27 लाखांच्या आसपास आहेत. संख्या मोठी दिसते, पण अस्सल दख्खनी रक्त पातळ होत चाललं आहे. घोंगड्याची मागणी घटली, लोकरीला भाव राहिला नाही, मांसाला मात्र आहे. म्हणून अनेक कळपांत उंच, अंगावर विरळ लोकर असलेल्या माडग्याळसारख्या जातीचे नर सोडले जातात. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातलं माडग्याळ हे या मेंढीचं गाव. मेंढपाळाचा हिशेब चुकीचा नाही. पोट त्यावर चालतं. पण दुष्काळात तग धरण्याचा गुण असलेली जात एकदा मिसळून गेली, की परत वेगळी काढता येत नाही.

त्यातच दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू देते. ते गेलं तर त्या मेंढीचं ते वेत वाया गेलं. म्हणून कोकराचे पहिले काही तास महत्त्वाचे, आणि त्यातही पहिला तास.

वार वेगळी, म्हणून चीक वेगळा

माणसाचं बाळ जन्माला येतं ते आईची थोडी शिदोरी घेऊन. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात जातात. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस देतात ती यासाठीच. टोचली आईला जाते, संरक्षण बाळालाही मिळतं. या लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे 2015 मध्ये भारत माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनाच्या निकषांवर उतरला.

मेंढीची वार तशी नसते. तिच्यात आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे जास्त थर असतात आणि प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू ते ओलांडू शकत नाहीत. म्हणजे कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळजवळ शून्य असतं. ते सगळं त्याला कासेतून, चिकातून घ्यावं लागतं.

निसर्गाने त्यासाठी खास सोय केली आहे. जन्मानंतर काही तास कोकराच्या आतड्याची भिंत सैल असते. चिकातली प्रतिपिंडं न पचता, अखंड स्वरूपात रक्तात शोषली जातात. पहिल्या सहा तासांत हे शोषण सर्वांत चांगलं होतं, मग झपाट्याने घटतं आणि साधारण चोवीस तासांनी ते दार बंद होतं. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी त्यातून अन्न मिळतं, रक्तातलं संरक्षण मिळत नाही.

किती चीक हवा? ढोबळ हिशेब असा: दर किलो वजनामागे एका वेळी 50 मिलिलिटर आणि पहिल्या चोवीस तासांत एकूण 200 मिलिलिटर. अडीच किलोच्या कोकराला एका वेळी सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या मध्यम कपाएवढा, आणि दिवसभरात अर्धा लिटर. आई मेली किंवा तिला दूध नसेल, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक चालतो. तो कोमट करावा, उकळू नये. उकळलं की प्रतिपिंडं नष्ट होतात. खरवस माणसाला चवीला छान लागतो, पण कोकराच्या उपयोगाचा नाही.

मेंढी विण्याआधी तीन-चार आठवडे तिला आंत्रविषाराची लस देतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. माणसात आईची लस बाळाला वारेतून पोचते, मेंढीत ती चिकातून पोचते. चीक चुकला तर लसही वाया.

आता माणसाकडे वळू. बाळाला वारेतून प्रतिपिंडं मिळालेली असतात, मग चिकाची गरज काय? गरज आहे. आईच्या पहिल्या घट्ट, पिवळसर दुधातली प्रतिपिंडं मुख्यतः बाळाच्या आतड्यात राहून अस्तरासारखं काम करतात. जुलाब करणारे जंतू तिथे चिकटू देत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर वारेतून मिळालेली शिदोरीही कमी असते, त्यामुळे त्याला चिकाची निकड जास्त. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रत्यक्षात काय होतं? 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सुमारे 89 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं होती सुमारे 42 टक्के. बाकीच्यांच्या वाट्याला उशीर आला. कुठे सिझेरियननंतर बाळ आईपासून दूर राहिलं, कुठे "अजून दूध उतरलं नाही" म्हणून वरचं दूध दिलं गेलं, कुठे आजीने प्रेमाने मधाचं बोट चाटवलं. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. त्यात अर्भकांना घातक ठरणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आणि पहिलं दूध "जड" किंवा "खराब" म्हणून पिळून टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे. ज्या घरात कोकराला चीक पाजायला माणूस रात्री उठतो, त्याच घरात बाळाचा चीक फेकला जावा, यासारखी विसंगती नाही.

आधी ऊब की आधी दूध?

कोकरू ओलं जन्मतं. आईच्या पोटातल्या 39 अंश सेल्सिअसमधून ते एकदम दहा-बारा अंशांच्या वाऱ्यात येतं. त्याच्या शरीरात, मुख्यतः मूत्रपिंडांभोवती, तपकिरी चरबीचा थोडा साठा असतो. ही चरबी केवळ उष्णता तयार करण्यासाठी असते. माणसाच्या नवजात बाळातही ती असते. पण साठा थोडाच; काही तासांत संपतो. तेवढ्यात पोटात चीक गेला नाही तर जाळायला इंधन उरत नाही.

निरोगी कोकराच्या अंगाचं तापमान 39 ते 40 अंश सेल्सिअस, म्हणजे 102 ते 104 फॅरनहाइट असतं. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट तोंडात घालून पाहावं. तोंड थंड लागलं की धोका समजावा. तापमान 37 अंशांच्या, म्हणजे सुमारे 99 फॅरनहाइटच्या खाली गेलं तर जीव धोक्यात असतो.

नुकतंच जन्मलेलं कोकरू गारठलं असेल तर कोरडं पुसावं, घोंगड्यात घ्यावं आणि मान उचलून धरू लागलं की चीक पाजावा. मात्र जन्मून पाच-सहा तास उलटले असतील, पोट रिकामं असेल आणि कोकरू मान टाकून पडलं असेल, तर नुसतं शेकोटीजवळ ठेवणं घातक ठरू शकतं. त्याच्या रक्तातली साखर आधीच तळाला गेलेली असते. अंग तापताच मेंदूची साखरेची गरज वाढते आणि झटके येऊन कोकरू दगावतं. अशा वेळी पशुवैद्यक आधी ग्लुकोज टोचतात आणि मग ऊब देतात. मान न धरणाऱ्या कोकराच्या तोंडात दूध ओतू नये. ते फुप्फुसात जातं. राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

माणसाच्या बाळालाही हेच तीन शत्रू एकत्र गाठतात: गारठा, भूक आणि जंतुसंसर्ग. 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज तीच "कांगारू पद्धत" जगभर मान्य आहे. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना बाळ उबदार ठेवणं, अंगावर पाजणं, जंतुसंसर्ग ओळखणं शिकवलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. "आशा" ताई आज घरोघरी जाऊन बाळाचं वजन आणि तापमान बघतात, त्याची मुळं त्या कामात आहेत.

नाळ: इथे नियम उलटा

कोकराची नाळ आपोआप तुटते आणि ओली बेंबी थेट माती-लेंड्यांना लागते. तिथून जंतू शिरले की काही दिवसांनी सांधे सुजतात, गरम लागतात, कोकरू लंगडतं. म्हणून जन्मानंतर लवकरात लवकर बेंबी टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवतात.

हे पाहून कुणी बाळाच्या नाळेलाही काही लावू नये. दवाखान्यात, स्वच्छ पातीने कापलेली नाळ कोरडी ठेवणं हाच सर्वांत चांगला उपाय. हळद, तेल, राख, शेण यातलं काहीही नको. डॉक्टरांनी वेगळं औषध सांगितलं तरच ते लावावं. कोकरू लेंड्यांवर पडतं म्हणून त्याला आयोडीन. बाळ स्वच्छ कापडात येतं म्हणून त्याला कोरडेपणा.

आई ओळखते, धनी ओळखतो

चाटणं म्हणजे नुसती पुसापुशी नसते. प्रसूतीच्या कळांबरोबर मेंढीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं आणि वासाच्या केंद्रात बदल होतात. त्या अवस्थेत ती जो वास घेते, तो तिच्या मनात "माझं कोकरू" म्हणून ठसतो. ही खिडकी जेमतेम काही तास उघडी असते. त्या वेळात कोकरू दूर राहिलं, तर नंतर आई त्याला ढुशी मारून हाकलू शकते. म्हणून पहिल्या तासात कोकराला विनाकारण उचलू नये, साबणाने धुऊ नये, दुसऱ्या मेंढ्यांत मिसळू देऊ नये. पुढे एक-दोन दिवसांत आई आणि कोकरू एकमेकांचा आवाजही ओळखू लागतात. संध्याकाळी मेंढरं परतली की शेकडो ओरडण्यांच्या गलक्यात प्रत्येक कोकरू आपल्या आईपाशी पोचतं, ते त्या जोरावर.

मेंढीला मंद समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये दाखवून दिलं, की मेंढ्या पन्नास वेगवेगळ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवू शकतात.

जाणता धनगरही दीडशे-दोनशे मेंढरांतलं कोकरू पाहून त्याची आई सांगतो. पण जात टिकवायची तर ही ओळख डोक्यात राहून भागत नाही. ती नोंदवावी लागते. कोकरू आणि आई यांच्या अंगावर एकाच खुणेचा रंग लावावा आणि जन्मतारीख, आई, नर, नर की मादी, वजन, रंग एवढं वहीत लिहावं. कानात बिल्ला मारायचा तो आई-कोकराची ओळख पक्की झाल्यावर, एक-दोन दिवसांनी. सरकारी योजनेतला बारा आकडी बिल्ला लसीकरणाच्या नोंदीसाठीही लागतो. नुसत्या रंगावरून जात ठरवू नये. काळं कोकरू संकरितही असू शकतं, आणि उन्हाने काळ्या लोकरीची टोकं तांबूस होतात. लांब पाय, अंगावर विरळ लोकर, पांढऱ्यावर तपकिरी डाग दिसले तर नर कोणता होता ते विचारावं.

काही ओळखी डोळ्यांना दिसतच नाहीत. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गारोळ मेंढीचा एक गुण दख्खनी मेंढीत आणायला सुरुवात केली. फेक-बी नावाच्या या जनुकामुळे एका वेळी जास्त बीजं सुटतात आणि जुळी होण्याचं प्रमाण वाढतं. त्यातून "नारी सुवर्णा" ही मेंढी तयार झाली. कोणत्या कोकरात हे जनुक आहे, ते नुसतं पाहून कळत नाही; रक्ताची डीएनए तपासणी करावी लागते. जुळी म्हणजे दुप्पट नफा, पण कोकरं लहान, चीक वाटून मिळणार, ऊब लवकर जाणार. जनुकाने दिलेलं दुसरं कोकरू जगवायचं काम पुन्हा त्या पहिल्या तासाकडेच येतं.

वितं हाताळणारे हात

हे सगळं काम ज्या हातांनी होतं ते बहुतेक वेळा बायकांचे असतात, आणि ते उघडे असतात. अडकलेलं कोकरू ओढणं, वार उचलणं, गाभडलेला गाभ फेकणं, मग त्याच ओच्याला हात पुसून भाकरी थापणं. इथून ब्रुसेलोसिस शिरतो. माल्टा बेटावर सैनिकांना येणाऱ्या तापाचा हा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला. तो शेळीच्या कच्च्या दुधातून पसरतो, हे 1905 मध्ये थेमिस्तोक्लीस झामित यांनी ओळखलं. शेळ्या-मेंढ्यांमध्ये तो गाभ टाकायला लावतो. माणसात आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे दुखणं, थकवा. हा ताप कधी टायफॉइड, कधी क्षयरोग समजला जातो. योग्य निदान झालं तर तो बरा होतो, पण दोन प्रतिजैविकं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. आठ दिवसांच्या गोळ्यांनी तो दबतो आणि पुन्हा उठतो.

म्हणून लांबलेल्या तापाच्या रुग्णाला एक साधा प्रश्न विचारायला हवा: "मावशी, घरी मेंढरं आहेत का? एवढ्यात कुठली गाभडली का?" आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावं.

काळजी सोपी आहे. वितं हाताळताना हातमोजे घालावेत. ते नसतील तर धड प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात आणि नंतर कोपरापर्यंत साबणाने धुवावं. वार आणि मेलेला गाभ चुना टाकून खोल पुरावा, कुत्र्यांपुढे टाकू नये. दूध माणसाने उकळूनच प्यावं. कोकराच्या ओठांवर "मावा" म्हणजे खपल्यांचे फोड असतील तर उघड्या हाताने चोळू नये; ते माणसाच्या बोटांवरही उठतात. आणि गरोदर स्त्रीने वितं, वार किंवा गाभडलेली मेंढी यांना अजिबात हात लावू नये. मेंढीत गर्भपात घडवणारे काही जंतू तिच्या पोटातल्या बाळालाही धोका पोचवतात. त्या महिन्यांत हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. ते घरातल्या पुरुषांनाही जमतं.

मुक्काम हलताना वाड्यावरच्या घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड असतं आणि त्यावर कधी दोन-तीन दिवसांची कोकरं, कधी कडेवरून उतरवलेलं मूल, अशी सगळी एकत्र प्रवास करतात. दोघांनाही पहिल्या तासात तेच लागतं: आईचं अंग, आईचं पहिलं दूध आणि स्वच्छ हात. कोकराला ते मिळावं म्हणून वाड्यावर कुणीतरी जागं असतं. तसं बाळासाठीही, घरात असो की दवाखान्यात, कुणीतरी घड्याळाकडे बघत जागं असायला हवं.